दुर्बीण घरात आली, पण ठेवायची कुठे?

पाऊस संपला, दिवाळी झाली की उमरखेडचे आकाश निवळते. कापूस वेचणीला आलेला असतो, रात्री हवेत गारवा येतो आणि अंधार पडला की पूर्वेकडून कृत्तिकांचा पुंजका वर सरकताना दिसतो. घरात दुर्बीण येण्याचा काळही बहुधा हाच. मुलाने हट्ट धरलेला असतो किंवा वडिलांचीच लहानपणची हौस राहून गेलेली असते. खोका येतो, नळकांडे तिपाईवर चढते, सगळे घर गच्चीवर जमते. पहिल्या रात्री चंद्र दिसतो आणि सगळे खूश होतात. दुसऱ्या रात्री गुरू पाहायला जावे तर उकळत्या पाण्याच्या तळाशी नाणे पडल्यासारखा तो थरथरतो. तिसऱ्या रात्री एखादा तेजोमेघ शोधायचा म्हटला तर समोरच्या पथदिव्याखेरीज काहीच दिसत नाही. महिनाभरात दुर्बीण माळ्यावर जाते.

दोष दुर्बिणीला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक जागेची असते. आणि जागा चुकली तर केवळ चित्र बिघडते असे नाही. अंधारात, वर पाहत, अनोळखी कोपऱ्यात वावरणाऱ्या माणसाच्या जिवाशीही ती गाठ असते. म्हणून दुर्बिणीची जागा ठरवताना आकाशाचा आणि शरीराचा, असा दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो.

आपले आकाश, आपली दिशा

दुर्बिणीविषयीची बरीच पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली गेली आहेत. तिथले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. लंडन साडेएकावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर उमरखेड सुमारे 19.6 अंशांवर. ग्रह जेव्हा वृश्चिक-धनूच्या दक्षिणेकडील भागात असतात, तेव्हा लंडनहून ते क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर चढतात. उमरखेडहून तेच ग्रह 47 अंशांपर्यंत वर येतात. मिथुनेत असताना तर ते जवळजवळ डोक्यावरून जातात. याचा सरळ अर्थ असा की आपल्याकडे सर्वांत मोलाचे आहे ते माथ्यावरचे आणि दक्षिणेकडचे मोकळे आकाश.

दक्षिणेचे आणखी एक देणे आहे. आपल्याला अगस्त्य तारा सुमारे 17 अंश वर आलेला दिसतो. उन्हाळ्यातल्या रात्री त्याच दिशेला, सुमारे 23 अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ येतो. लंडनच्या निरीक्षकाला तो कधीच दिसत नाही, कारण तिथे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. दक्षिणेला शेजारचे दुमजली घर किंवा कडुलिंबाचे झाड असेल, तर हा सगळा खजिना झाकला जातो.

किती झाकला जातो, हे मोजायला यंत्र लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ वळली की ती मूठ आकाशाचे सुमारे 10 अंश व्यापते. क्षितिजापासून एकावर एक मुठी मोजत जावे. डोळ्यांच्या पातळीपेक्षा सहा मीटर उंच असलेली भिंत सहा मीटरवर असेल तर ती 45 अंशांपर्यंतचे आकाश खाते. तीच भिंत 17 मीटरवर असेल तर 20 अंशांच्या आतच राहते. म्हणून अंगणात दुर्बीण दोन-चार पावले मागे सरकवली तरी मोठा फरक पडतो.

उत्तरेचे काय? ध्रुव तारा आपल्याकडे बरोबर दोन मुठींच्या उंचीवर असतो. ज्यांच्या दुर्बिणीची बैठक ध्रुवाकडे रोखून लावावी लागते, त्यांना उत्तरेला एवढी फट तरी हवी. दाट वस्तीत ती मिळत नाही. अशा घरांसाठी डॉब्सोनियन बैठक सोयीची. जमिनीवर ठेवली, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवली की काम सुरू. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवताना ही पद्धत लोकप्रिय केली. तिला ध्रुव दिसण्याची गरज नाही.

तापलेला स्लॅब आणि थरथरणारा गुरू

गच्चीवर आकाश मोकळे मिळते, म्हणून पहिली पसंती गच्चीलाच असते. पण दिवसभर ऊन प्यालेला सिमेंटचा स्लॅब संध्याकाळनंतर कित्येक तास उष्णता सोडत राहतो. गरम हवा वर उठते, गार हवा खाली येते आणि त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. गुरूचे पट्टे, शनीचे कडे पुसट होतात ते यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा विदर्भाचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा संध्याकाळी गच्चीवरून ग्रह पाहणे जवळजवळ व्यर्थ. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे तीच गच्ची शांत होते.

माती आणि गवत लवकर निवतात. म्हणून ग्रहांसाठी अंगण किंवा परसदार अनेकदा सरस ठरते. कूलरचे तोंड, एसीचे बाहेरचे यंत्र, चूल यांच्यावरून नजर जाऊ नये. शेजारच्या तापलेल्या छपरावरून पाहणेही टाळावे. बंद खिडकीच्या काचेतून किंवा उघड्या खिडकीतून पाहणे तर सोडूनच द्यावे. काच चित्र बिघडवते आणि घरातली उबदार हवा खिडकीतून बाहेर पडताना तेच करते. दुर्बिणीलाही बाहेरच्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून ती अर्धा ते एक तास आधीच बाहेर काढून ठेवावी.

गच्चीचा दुसरा दोष म्हणजे कंप. शंभर पट मोठे दाखवणारी दुर्बीण गच्चीवरच्या पावलांचा हादराही शंभर पट मोठा करते. गच्चीच वापरायची असेल तर तिपाई स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत, खांब किंवा तुळई असेल अशा जागी ठेवावी आणि बाकीच्यांनी एका जागी बसून राहावे.

अंधार कुणासाठी, किती?

इथे एक गोष्ट पुष्कळांना सांगावी लागते. चंद्र आणि ग्रह स्वतःच इतके तेजस्वी आहेत की गावातल्या उजेडाने त्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांना हवी असते ती शांत हवा. तेजोमेघ, दीर्घिका, आकाशगंगेचा पट्टा यांना मात्र खरा अंधार लागतो. म्हणजे घरात दोन जागा असू शकतात: ग्रहांसाठी अंगणाचा कोपरा आणि अंधुक वस्तूंसाठी गच्चीची उजेडापासून आडोशाची बाजू.

उमरखेडहून वायव्येला पुसद आणि नैऋत्येला नांदेड आहे. त्या बाजूंना क्षितिजालगत उजेडाची साय दिसू शकते. पण घरच्या निरीक्षकाचा खरा शत्रू लांबचे शहर नसून पन्नास फुटांवरचा पथदिवा असतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा अंश जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. त्यावर घरगुती उपाय आहेत. कपडे वाळवायच्या दोरीवर गडद चादर टाकली की दिवा आड होतो. पाण्याच्या टाकीच्या, जिन्याच्या खोलीच्या सावलीत दुर्बीण लावता येते. दिव्याचा प्रकाश खाली रस्त्यावरच पडावा यासाठी वरून झाकण बसवून घ्यायला नगर परिषदेकडे अर्ज करता येतो. त्यात रस्त्याचा उजेड कमी होत नाही, उलट वाया जाणारा उजेड खाली येतो.

हे नुसते बोलणे नाही, विदर्भातच झालेले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातील पहिले आणि आशियातील पाचवे ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवण्यात आला.

मोठ्या वेधशाळांनाही हाच प्रश्न सोडवावा लागला. पैनगंगेपलीकडचा मुलूख हैदराबाद संस्थानात होता त्या काळी, 1901 साली, नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत स्वतःच्या जहागिरीतच 15 इंची दुर्बिणीची वेधशाळा उभारली. घरच्या दुर्बिणीचेच हे मोठे रूप म्हणायचे. पुढे 1908 मध्ये ती सरकारकडे गेली आणि बेगमपेठेत आली. शहर वाढत गेले आणि 1968 मध्ये 48 इंची नवी दुर्बीण बसवायची वेळ आली तेव्हा शहराबाहेर रंगापूरची जागा निवडावी लागली. पुण्याच्या आयुकाने आपल्या दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी जुन्नरजवळचे गिरावली निवडले ते पुण्याच्या उजेडापासून दूर जाण्यासाठीच.

डोळा हीदेखील दुर्बीणच

जागा अंधारी हवी यामागे शरीराचे कारण आहे. उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण दृष्टिपटलातल्या अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशींना त्यांचे रंगद्रव्य पुन्हा तयार करायला अर्धा तास किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात कुणी मोबाइल डोळ्यांसमोर धरला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून टॉर्चवर लाल कागद लावावा. लाल प्रकाशाने या पेशी फारशा विचलित होत नाहीत. या पेशी दृष्टीच्या मध्यबिंदूत नसतात, त्यामुळे अंधुक वस्तू नजर जराशी बाजूला ठेवली की जास्त स्पष्ट दिसते.

तरुणाची बाहुली अंधारात सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडते. पन्नाशीनंतर पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी. आजोबांना नातवाएवढे तारे दिसत नाहीत यात काही आजार नाही. पण अर्धा तास अंधारात बसूनही घरातल्या एखाद्याला इतरांपेक्षा फारच कमी तारे दिसत असतील, संध्याकाळ झाली की तो ठेचकाळत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा, आनुवंशिक रातांधळेपणा यांपैकी काहीही निघू शकते. लहान मुलात ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना त्याचे डोस सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती दिसते का, हे विचारण्याची जुनी रीत कामाचीच आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळनंतर उत्तरेला ती पाहता येते.

जिवाला जपून

आता सर्वांत महत्त्वाचे. दुर्बिणीची जागा ठरवताना चार धोके आधी टाळावेत.

पहिला, पडण्याचा. वर पाहत मागे सरकणारा माणूस कठडा नसलेल्या गच्चीवर क्षणात खाली जातो. कठडा कमरेच्या वर नसेल तर ती गच्ची दुर्बिणीसाठी बाद. गच्चीजवळून विजेच्या तारा जात असतील तरीही बाद, कारण अंधारात धातूचे नळकांडे किंवा तिपाई उचलताना तार दिसत नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना मान वर करून उभे राहिल्यावर किंवा उकिडवे बसून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी आणि खुर्चीपासून जिन्यापर्यंतची वाट मोकळी ठेवावी.

दुसरा, साप-विंचवाचा. अंगणातला अंधारा कोपरा म्हणजे अनेकदा पऱ्हाटीचा ढीग, विटा, गोवऱ्या, उंदरांची बिळे. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात देशात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने दगावली. जागा दिवसा झाडून स्वच्छ करावी, अडगळीपासून दूर असावी, पायात बूट असावेत, चालताना टॉर्च लावावाच. डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय होते, गेलेला जीव परत येत नाही. शेतात जाऊन पाहणाऱ्यांनी हे दुप्पट पाळावे. पैनगंगा अभयारण्याचा अंधार कितीही मोहात पाडणारा असला तरी रात्री जंगलात शिरू नये. दंश झालाच तर चिरू नये, आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. तो अवयव न हलवता 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

तिसरा, सूर्याचा. रात्री उभी केलेली दुर्बीण सकाळी तशीच अंगणात राहिली आणि पोराने सहज डोळा लावला तर काही क्षणांत दृष्टिपटल जळते. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा होताना समजतही नाही आणि गेलेली नजर अनेकदा कायमची जाते. दुर्बिणीची दिवसाची जागा घरात, झाकण लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी हवी.

चौथा, साधाच: डास आणि थंडी. तुंबलेल्या पाण्याजवळची जागा नको. डिसेंबरात दम्याच्या रुग्णाने कान-छाती झाकून बसावे आणि औषधाचा पंप खिशात ठेवावा.

एक आठवडा, एक कागद

जागा एका रात्रीत ठरवू नये. अमावास्येच्या आसपासच्या आठवड्यात, दुर्बीण न काढता, रोज अर्धा तास घरातल्या दोन-तीन जागी बसावे. कागदावर आठ दिशा आखून प्रत्येक दिशेला किती मुठी आकाश झाकले आहे ते लिहावे. कोणता दिवा डोळ्यांत येतो, तो किती वाजता बंद होतो हे टिपावे. कृत्तिकांत किती तारे मोजता आले ते लिहावे. सहा दिसले तर जागा चांगली. पऱ्हाटी किंवा उसाचे पाचट जाळल्याचा धूर कुठून येतो, दव किती पडते, हेही कळते. आठव्या दिवशी तो कागदच जागा सांगतो.

अशी जागा एकदा ठरली की तिथे चुन्याने तिपाईच्या तीन पायांच्या खुणा कराव्यात. रोज दुर्बीण तिथेच ठेवली की पाच मिनिटांत काम सुरू होते, आणि जी दुर्बीण पाच मिनिटांत लागते तीच वापरली जाते. मग एखाद्या संध्याकाळी शेजारच्यांनाही बोलवावे. शनीचे कडे एकदा पाहिलेला शेजारी आपल्या दारावरचा दिवा तासभर बंद ठेवायला सहसा नाही म्हणत नाही.