पास आणि तिकीट

चित्रपटाच्या प्रीमियरला मला आजवर कोणी बोलावले नव्हते. त्यामुळे २०२३ च्या डिसेंबरात एका गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघालो, तेव्हा स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "फुकटच्या पिक्चरला एवढा थाट?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. दादर स्टेशनच्या पुलावर तिघे जण माझी वाट पाहत उभे होते.

आम्ही पाच मित्र मूळचे गिरगावातल्या एकाच चाळीतले. एकाने बँकेत नोकरी केली, एकाने बेस्टमध्ये कंडक्टरकी, एकाने शाळेत इतिहास शिकवला. पाचवा पोस्टातून निवृत्त झालेला. या पोस्टवाल्याच्या मुलीने आपला पहिला मराठी चित्रपट दिग्दर्शित केला होता आणि त्याच्या प्रीमियरचे चार पास तिने तिच्या चार काकांसाठी राखून ठेवले होते. पोस्टवाल्याने निवृत्तीनंतर मिळालेल्या फंडातली बरीच रक्कम या चित्रपटात घातली आहे, हे आम्हा चौघांना ठाऊक होते. त्याच्या नातेवाइकांना नव्हते.

प्रीमियर बाहेरून पाहण्याचा मात्र आम्हाला अनुभव होता. १४ ऑगस्ट १९७५ च्या रात्री लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हासमोर आम्ही पाचही जण गर्दीत उभे होतो. आत 'शोले'चा प्रीमियर होता. एका गाडीच्या काचेतून बांगड्या घातलेला एक हात दिसला. तो नेमका कोणाचा, यावर आमच्यात आजही एकमत नाही. ७० मिलिमीटरची प्रत कस्टममध्ये अडकल्याने त्या रात्री आतल्या बड्या लोकांना ३५ मिलिमीटरचीच प्रत पाहावी लागली, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, तेव्हा आम्हाला उगाचच बरे वाटले.

यंदा आम्ही काचेच्या आतल्या बाजूला होतो. उपनगरातल्या मॉलचा चौथा मजला. एका मोठ्या रंगीत फलकासमोर कलाकार उभे राहून फोटो काढून घेत होते. आम्हीही हौसेने पुढे सरकलो, तर कॅमेरावाला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?" आम्ही बाजूला झालो. पॉपकॉर्नचा भाव वाचून बँकवाल्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

खेळ सुरू व्हायला पाऊण तास उशीर होता. मास्तरांना एवढा वेळ पुरेसा असतो. म्हणाले, "अरे, दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पहिल्यांदा दाखवला तोही असाच, आमंत्रितांना. २१ एप्रिल १९१३, ऑलिम्पिया थिएटर. शहरातली प्रतिष्ठित मंडळी, वर्तमानपत्रवाले. सगळ्यांनी कौतुक केले. पण लोकांसाठी खेळ लागला ३ मे रोजी, आपल्या गिरगावात, कॉरोनेशनमध्ये. जोडीला नाच, विनोदी नकला आणि पायांनी कसरती करणारा एक जगलर, असा भरगच्च कार्यक्रम. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकलेली, सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करून शिवाय कच्च्या फिल्मला भोके पाडत बसायच्या. त्या घराचे काय होणार, ते २१ एप्रिलच्या टाळ्यांनी ठरणार नव्हते. ते ठरले ३ मेला, पैसे मोजून आत आलेल्या माणसांमुळे."

पोस्टवाला जवळच उभा होता. विम्याच्या पॉलिसीचा उल्लेख आला तसा तो "आलोच" म्हणून पाण्याच्या दिशेने गेला. मास्तरांच्या लक्षात आले नाही. कंडक्टरने त्यांचा पाय दाबला.

मग मास्तरांनी गाडी हत्तींवर आणली. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम'चा प्रीमियर झाला, तेव्हा चित्रपटाची रिळे सजवलेल्या हत्तीवरून आणली होती. "आता चित्रपट एका डबीत मावतो. हत्तीला काम उरले नाही," असे ते म्हणत असतानाच दारे उघडली.

चित्रपट एका म्हातारीचा होता. चाळ पाडायची ठरलेली आहे आणि तिचा पाय घरातून निघत नाही. विषय आमच्याच उंबऱ्यातला. पहिला अर्धा भाग आम्ही खुर्चीच्या कडेवर बसून पाहिला. मध्यंतरानंतर म्हातारी भांडी आवरते. एक एक भांडे पुसते, वर्तमानपत्रात गुंडाळते, खोक्यात ठेवते. संवाद नाही, संगीत नाही. खूप वेळ. सभागृहात इकडे तिकडे मोबाईलचे उजेड दिसू लागले. शेजारी पोस्टवाला पडद्याकडे न पाहता ते उजेड मोजत असावा, असे मला वाटले.

चित्रपट संपला आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बाहेर मुलीभोवती रांग लागली. "अप्रतिम!" "काय काम केलंयस!" "डोळ्यांत पाणी आणलंस!" ज्यांच्या हातातला मोबाईल मी स्वतः पाहिला होता, तेही हेच म्हणत होते. आमची पाळी आली. आम्हीही "अप्रतिम" म्हणालो. प्रीमियरला आलेला माणूस लग्नातल्या पाहुण्यासारखा असतो. आमटी खारट झाली असली, तरी मांडवात ते बोलायचे नसते.

साडेबारा वाजता मॉलच्या मागच्या रस्त्यावर सायकलवरचा चहावाला सापडला. पहिला घोट पोटात गेल्यावर कंडक्टर म्हणाला, "मधे फार लांबलं." बँकवाल्याचे म्हणणे, की सांगून उपयोग काय, आता बदलता थोडाच येणार आहे? मास्तर म्हणाले, "आपण काका आहोत. समीक्षक नव्हे." वाद चांगलाच रंगला होता, तेवढ्यात मुलगीच तिथे आली. साडी नेसलेली, चपला हातात. मागे तिचे वडील.

"काका, आत सगळे खोटं बोलत होते," ती म्हणाली. "तुम्ही तरी खरं सांगा."

आम्ही तिघांनी ग्लासात पाहिले. कंडक्टर म्हणाला, "बाळ, चित्रपट चांगला आहे. पण मध्यंतरानंतर गाडी सिग्नलला फार वेळ उभी राहिली. पॅसेंजर खाली उतरायला लागतात अशाने."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं कोणीतरी म्हणेल. तो प्रसंग कापायचा की ठेवायचा, यावर तीन महिने भांडण चाललं होतं. मीच ठेवला." पोस्टवाल्याने तिच्यासाठी चहा सांगितला. मास्तर तिला समजावू लागले, की 'शोले'सुद्धा पहिल्या काही दिवसांत पडला म्हणून बोलले जात होते आणि मग मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. ती हसली. म्हणाली, "मला पाच वर्षं नकोत काका. दुसरा आठवडा मिळाला तरी पुष्कळ."

शुक्रवारी आमच्या भागात चित्रपटाला एकच खेळ होता, सकाळी सव्वादहाचा. नोकरदार माणूस त्या वेळी कचेरीत असतो आणि गृहिणी ओट्याशी. आम्ही चौघे पुन्हा गेलो, या वेळी बायकांना घेऊन आणि तिकिटे काढून. पोस्टवालाही आला. त्यानेही तिकीट काढले. सभागृहात आम्हाला धरून सोळा माणसे.

भांडी आवरण्याचा प्रसंग आला. मी सवयीने मोबाईलचे उजेड शोधू लागलो. एकही नव्हता. आमच्या पुढच्या रांगेत एक पन्नाशीचे जोडपे होते. त्यातल्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता, तो प्रसंग संपेपर्यंत काढला नाही. माझ्या शेजारी माझी बायकोही एकदम गप्प झाली होती. सासूबाईंची भांडी तिनेच गुंडाळली होती, २००८ साली आमची चाळ पाडली तेव्हा. हे मला आदल्या रात्री आठवले नव्हते.

"मला अजूनही लांबच वाटतो," कंडक्टर कुजबुजला. पण आवाज आदल्या रात्रीपेक्षा बराच खाली होता.

चित्रपट संपला. दिवे लागले, झाडूवाला मुलगा आत आला. पुढच्या रांगेतले गृहस्थ उठले. बाई उठेनात. पडद्यावर नावे सरकत होती.

"चल ना," ते म्हणाले.

"थांबा हो. कोणी केलाय ते वाचू दे."

आमच्या रांगेच्या टोकाला पोस्टवाला उभा होता. पाठ पडद्याकडे, नजर त्या बाईंकडे. त्या नाव वाचून, पर्स उचलून, त्याच्या अगदी जवळून बाहेर गेल्या. तो काही बोलला नाही. त्या दिसेनाशा झाल्यावर त्याने खिशातून तिकिटाचा अर्धा तुकडा काढला, नीट घडी घातला आणि पुन्हा खिशात ठेवला.

चित्रपट दुसऱ्या आठवड्यात पोहोचला, तिसऱ्यात नाही. फंडातले सगळे पैसे परत आले नाहीत. मुलगी दुसरी पटकथा लिहिते आहे आणि आम्हाला सांगून ठेवले आहे, की या वेळी प्रीमियरचे पास मिळणार नाहीत. शुक्रवारची तिकिटे काढा.