डोंगर सुटतो तिथे उतीस उगवतो

३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला. तेव्हापासून दरड हा शब्द नुसता ऐकला तरी आपल्या छातीत धस्स होतं. नेपाळच्या डोंगरात तिला 'पहिरो' म्हणतात आणि तिथल्या माणसांना त्याची धास्ती दर पावसाळ्यात असते. २०१५ च्या एप्रिलमधल्या भूकंपाने तर तिथे हजारो ठिकाणी डोंगर सुटले. घरं, शेतं, माणसं गेल्यावर मागे जी खरवडून काढल्यासारखी उतरण राहते, ती पाहून वाटतं, इथे आता गवताची काडीही येणार नाही.

तिथेच उतीस येतो.

उतीस हे हिमालयातलं झाड. कुमाऊं, नेपाळ, सिक्कीम करत ते थेट नागालँडपर्यंत आणि त्याही पलीकडे भेटतं. हिवाळ्यात त्याची छोटी, लाकडी बोंडं उकलतात आणि बिया वाऱ्यावर निघतात. बी इतकं हलकं की किलोभर बियांत दहा लाखांहून जास्त दाणे भरतात! एवढ्याशा दाण्यात शिदोरी ती किती असणार? रानातल्या पाचोळ्याच्या जाड थरावर पडला, तर त्याचं मूळ मातीपर्यंत पोचायच्या आतच सुकतं. सावलीही त्याला सोसत नाही. त्याला हवी उघडी जमीन आणि भरपूर ऊन. म्हणजे जंगलाचा जिथे सत्यानाश झाला, तोच त्याचा वाफा.

पण खायचं काय? डोंगराची कसदार माती असते ती वरच्या थरात. दरडीबरोबर ती खाली जाते. म्हणून पायथ्याच्या ढिगात, जिथे तुटलेली मुळं, पाचोळा आणि जुन्या बिया मिसळलेल्या असतात, तिथे हिरवाई लवकर धरते. वरचा उघडा पडलेला भाग मात्र मागे राहतो. तरी तोही अगदीच कंगाल नसतो. नुकत्याच फुटलेल्या खडकात स्फुरद, पालाश, चुना असतो. जुन्या मातीतून पावसाने केव्हाच धुऊन नेलेले क्षार इथे नव्याने मोकळे होऊ लागतात. उणीव असते ती नत्राची. बहुतेक खडकांत ते नसल्यातच जमा. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते झाडाला थेट घेता येत नाही.

भुईमुगाचा वेल उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात. हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची ती घरं, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उतीस डाळवर्गातला नाही, तरी त्याच्या मुळांवरही गाठी असतात. त्यातला जिवाणू वेगळा, फ्रँकिया नावाचा. गाठीही वेगळ्या: पोवळ्यासारख्या फाटे फुटलेल्या, तपकिरी, दाटीवाटीने झुपक्यात वाढणाऱ्या. भुईमुगाच्या गाठी हंगामाबरोबर संपतात. या वर्षानुवर्षं जगतात.

मला सगळ्यात थक्क करते ती त्याची पानगळ. बहुतेक झाडं पान टाकण्याआधी त्यातलं नत्र काढून घेतात. पान पिवळं पडतं त्यामागे हेच आवरतं घेणं असतं. उतीसच्या कुळातली झाडं ही काटकसर फारशी करत नाहीत. त्यांचं पान बरंचसं हिरवं असतानाच, नत्रासकट, गळतं. ते लवकर कुजतं आणि दगडाच्या चुऱ्यावर काळसर माती धरू लागते. म्हणूनच सिक्कीममध्ये मसाल्याची मोठी वेलची उतीसच्या सावलीत लावतात. नागालँडच्या खोनोमा गावातले अंगामी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतातला उतीस मुळापासून तोडत नाहीत. डोक्याच्या उंचीवर छाटतात, त्याला पुन्हा फुटू देतात आणि मधल्या जागेत पीक घेतात.

उतीसची मुळं वरची माती बांधतात. खोलवरून सुटणारा डोंगर धरून ठेवणं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं. वरून दगड येतच राहिले किंवा गुरांनी रोपं खाल्ली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जिथे रान टिकतं, तिथे काही वर्षांनी वाकून जमिनीकडे पाहावं. डोक्यावर सगळा उतीस, पण पायाशी उतीसचं रोप शोधूनही सापडत नाही. स्वतःच्याच सावलीत, स्वतःच्याच पाचोळ्यात त्याचं बी रुजत नाही. नेपाळच्या मधल्या उंचीवर तिथे वर येऊ लागलेली असतात ती चिलौने आणि कटुस या झाडांची रोपं.