सुक्केची सजावट नातवंडांबरोबर



किप्पूरचा उपास सुटला की सुक्का बांधायची घाई सुरू होते. तिशरीच्या 10 तारखेला योम किप्पूर आणि 15 तारखेला सुक्कोत. मध्ये दिवस चारच. शाळा आणि गान बंद, आईवडील कामावर, म्हणून नातवंडे आपल्याकडे येतात. आपले हिब्रू तोडके आणि त्यांचे मराठी "आजी", "चपाती", "बस" एवढ्यावर संपते. टीव्ही लावून दिला की दुपार निघून जाते, पण ती ना त्यांची होते ना आपली.

या चार दिवसांत सुक्केची सजावट मुलांबरोबर घरीच करावी, असे मी सुचवते. हात कामात असले की भाषा थोडी कमी पडली तरी चालते. आपल्या वाडवडिलांनी किप्पूरला दारफाळणीचा सण म्हटले आणि दुसऱ्या दिवसाला शिळा सण. त्या शिळ्या सणापासूनच सुरुवात करा.

सामान काय लागेल

जुनी मासिके, दुकानांची जाहिरातपत्रके, बिस्किटांच्या नाहीतर कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांचा पुठ्ठा, अंड्यांचे रिकामे पुठ्ठे, उरलेल्या कापडाचे तुकडे, सुतळी, रंगीत पेन्सिली आणि मुलांची गोल टोकाची कात्री. डिंक नसेल तर खळ करा. 2 चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवा, त्यात एक कप पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. दाट झाली की उतरवा. लहानपणी आपण पतंग याच खळीने चिकटवत होतो. ती गार झाल्यावरच मुलांच्या हाती द्या आणि दोन दिवसांत संपवा, नाहीतर आंबते.

1. कागदाची साखळी

ही साखळी मुले गानमध्ये शिकलेली असतात. तिला ती शरशेरेत म्हणतात. टंकलेखनाच्या नेहमीच्या आकाराच्या कागदाच्या आडव्या, 3 सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. एका कागदातून 9 पट्ट्या निघतात. पहिल्या पट्टीची टोके चिकटवून कडी करा. दुसरी पट्टी तिच्यातून ओवून चिकटवा, मग तिसरी. चार कागदांच्या 36 कड्यांची सुमारे दोन मीटर साखळी होते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला फक्त चिकटवू द्या. पाच-सहा वर्षांचे मूल कापू शकते. आपली बोटे आखडत असतील तर डिंकाऐवजी स्टेपलर घ्या, पण तो आपल्याच हाती ठेवा. पट्टी चिकटवण्याआधी तिच्यावर एक शब्द लिहायचा: मुलाने हिब्रूत, आपण मराठीत. मायिम आणि पाणी, लेहेम आणि भाकरी, यारेआह आणि चंद्र. मूल मराठी वाचू शकणार नाही, पण तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते त्याच्या लक्षात राहील.

2. कापडाच्या पताका

कोकणात लग्नाच्या मांडवाला नारळाच्या झावळ्या आणि पताका असायच्या. इथे सुक्केवर खजुरीच्या फांद्या येतात. स्खाख म्हणजे सुक्केचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूंचे लागते, आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. आपल्या माणसांना हे काम परके वाटत नाही ते त्या मांडवामुळेच.

जुन्या साडीचे किंवा पडद्याचे एक वीतभर लांबीचे त्रिकोण कापा. वरची कड दोन बोटे दुमडा, आत सुतळी घाला आणि धावदोरा घाला. शिवणे जमत नसेल तर खळीने चिकटवा. कोणती साडी कोणाची, कोणत्या लग्नात घेतली, हे कापतानाच सांगून टाका. कागद ओला झाला की फाटतो, पण कापड पहिला पाऊस आणि दव सोसते आणि पुढच्या वर्षीही लागते.

3. डाळिंब आणि द्राक्षे

तोरात या देशाच्या सात पिकांची नावे आहेत: गहू, सातू, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर. त्यांतली दोन फळे मुलांना सहज करता येतात.

डाळिंबासाठी लाल कागदावर वाटी उपडी ठेवून 8 गोल आखा आणि कापा. प्रत्येक गोल मध्ये दुमडा. एका गोलाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्या भागाला पाठीला पाठ लावून चिकटवत जा. शेवटची जोड बंद करण्याआधी मध्ये दोरा ठेवा. वर कागदाच्या पट्टीला करवतीसारखे दात कापून छोटा मुकुट चिकटवा.

द्राक्षांसाठी अंड्यांच्या पुठ्ठ्याचे खण सुटे करा, जांभळे रंगवा, प्रत्येकाला भोक पाडून दोऱ्यात ओवा आणि घोस करा. भोक पाडायचे काम मोठ्यांचे.

4. सात पाहुण्यांचे पत्ते

हे काम सर्वांत सोपे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. सुक्केत सात दिवस सात पाहुण्यांना बोलावतात, त्यांना उश्पिझीन म्हणतात: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद. पुठ्ठ्याचे हातभर नव्हे, तळहाताएवढे सात पत्ते कापा. पुढच्या बाजूला पाहुण्याचे नाव हिब्रूत आणि मराठीत लिहा. अब्राहामजवळ तंबू, मोशेजवळ काठी, दावीदजवळ वीणा, असे चित्र मुलाने काढावे.

मागच्या बाजूला आपल्या घरातले एक गेलेले माणूस लिहावे. आजोबा, पणजी, मोठी आत्या, जो आठवेल तो. खाली गावाचे नाव. पेणकरांनी पेण लिहावे, रोहेकरांनी रोहा, नवगावकरांनी नवगाव. आडनाव मुलांच्या ओळखपत्रावर आहे, पण ते एका गावाचे नाव आहे हे किती जणांना ठाऊक असते?

मागच्या सुक्कोतला मी एका पत्त्याच्या मागे माझ्या आजोबांचे नाव लिहिले. सहा वर्षांच्या नातीने विचारले, "सव्ता, ते काय काम करायचे?" तेल काढायचे, घाणा होता, म्हणून शनिवार तेली, असे मी सांगू लागले. शनिवारी घाणा बंद असे म्हणून गावात आपल्या लोकांना हे नाव पडले होते. "घाणा" हा शब्द तिला समजेना आणि मला हिब्रू शब्द सुचेना. मग मी कागदावर वाटीने गोल काढला, मध्ये पेन्सिल उभी धरली आणि दुसऱ्या हाताचे बोट बैलासारखे भोवती फिरवले. ती क्षणभर बघत राहिली आणि ओरडली, "बेत बद!" हनुक्काच्या वेळी तिला गानमध्ये तेलाची चक्की दाखवली होती. तिने लगेच त्या पत्त्यावर बैल काढला. बैलाला पाच पाय आले. मी ते तसेच राहू दिले.

तो पत्ता टांगण्यासाठी नाही. सात पत्ते डब्यात ठेवा. रोज रात्री मुलाने एक काढून टेबलावर ठेवायचा, पुढची बाजू मोठ्यांनी वाचायची आणि मागच्या माणसाची एक गोष्ट सांगायची. गोष्ट दोन वाक्यांची असली तरी पुरते.

काही गोष्टी सांभाळा

कापणे, चिकटवणे आणि लिहिणे सणाच्या संध्याकाळपूर्वी संपवा. शब्बाथ आणि योम तोव्हला ही कामे होत नाहीत. टांगलेली सजावट सण संपेपर्यंत काढत नाहीत, म्हणून घट्ट बांधा. ती स्खाखच्या जवळ, साधारण एका फुटाच्या आत असावी. आपल्या घरी वेगळी पद्धत असेल तर बेत हक्नेसेतमध्ये विचारून घ्या.

मेणबत्त्या कागदाच्या आणि वाळलेल्या फांद्यांच्या जवळ नकोत. दिव्यांच्या तारा पानांवरून ओढू नका.

आणि हे खास तुम्हाआम्हाला: स्टुलावर किंवा शिडीवर चढू नका. टांगायचे काम मुलगा, जावई, शेजारचा तरुण कोणीही करील. आपण खाली खुर्चीवर बसून "जरा डावीकडे" म्हणावे.

मुलाने साखळी वाकडी केली तर ती सोडवून पुन्हा करायला लावू नका. नीटनेटकी सजावट दुकानात मिळते.

सण संपल्यावर पत्ते मात्र फेकू नका. पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहा आणि पुढच्या तिशरीसाठी मखझोरजवळ ठेवा. पुढच्या वेळी आपण नसलो तर त्या पाकिटातला एक पत्ता आपलाही असेल. तेव्हा त्याच्या मागे लिहायला मुलांजवळ काही असावे, एवढ्यासाठी या चार दुपारी द्या.

हाग सामेआह!