कोडिंगच्या एडिटरमध्ये मराठी कथा

मी बोलतोय यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहाऱ्यातून.

माझी एक कथा गेली. म्हणजे फाइल आहे, पण ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट आता सापडत नाही, आणि त्याच्याशिवाय उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हापासून मी प्रोग्रामर लोकांचा एडिटर वापरतो, व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टनं तो २०१५ मध्ये आणला, आणि फुकट आहे.

तोच का? कारण तो साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. आत फक्त युनिकोडमधली अक्षरं, बाकी काही नाही. ती फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर उघडते.

पण तो बनवलाय कोडसाठी, म्हणून थोडे बदल करावे लागतात. आपला परिच्छेद एकाच ओळीत उजवीकडं पळत राहतो. ऑल्ट आणि झेड एकत्र दाबा, ओळ खिडकीतच मोडते. कंट्रोल-के दाबून सोडा, मग झेड दाबा. बाजूच्या पट्ट्या आणि ओळींचे आकडे गायब. मधेच शब्द सुचवणारी चौकट सेटिंगमधून बंद करा. फॉन्ट घ्या मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’, तोही मोफत.

एक गंमत सांगतो. ‘क्ष’ दिसतो एक, पण आत तिघं असतात: क, हलन्त आणि ष. म्हणून बॅकस्पेस मारला की ‘क्’ उरतो. घाबरू नका, तो बिघाड नाही.

फक्त फोन असेल, तर टीएक्सटी फाइल बनवणारं कुठलंही साधं ॲप चालेल.

ती कथा मी आठवून परत लिहायला घेतली. शेवट काही जमला नाही. तुमची तेवढी जपा.