छताला टांगलेली दोरी

झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील पार्क संशोधन केंद्रात नॅटली जेरेमिजेन्को या कलावतीने छतावरच्या छोट्या मोटरला आठ फुटांची प्लास्टिकची दोरी टांगली. मोटर इथरनेटच्या तारेला जोडलेली. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरागरा फिरे, घरघरे. ओसरली की काही सेकंदांनी एखादाच झटका. ना पडदा, ना आकडे! आसपासच्या खोल्यांतल्या माणसांना काम न थांबवता अंदाज येई. त्याच केंद्रातले मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी १९९५ मध्ये अशा रचनेला 'शांत तंत्रज्ञान' म्हटले. माणसाचे काम न थांबवता उपयोगी पडणे, सेन्सर बसवलेल्या घरांसाठी आजही हीच कसोटी सर्वांत खरी. जिन्यातला दिवा पाऊल पडताच लागतो, हे उत्तमच. पण खोलीत माणूस वाचत स्थिर बसला की तसाच दिवा विझतो, कारण त्यातला अवरक्त सेन्सर फक्त हालचाल टिपतो.