चंद्रावर उतरताना कुठली कामं सोडायची?

२० जुलै १९६९. चंद्राचा पृष्ठभाग साधारण दहा किलोमीटर खाली होता. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन ‘ईगल’ यानातून उतरत होते आणि यानातल्या संगणकाने धोक्याचा इशारा दिला. फलकावर आकडा उमटला, १२०२. दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. अर्थ अगदी साधा होता: अंगावर कामं फार झालीत, सगळी होणार नाहीत.

हे रडगाणं कुठल्याही कार्यालयात रोज ऐकू येतं. अशा वेळी माणूस एकतर सगळंच उरकायच्या नादाला लागतो, नाहीतर हातपाय गाळून बसतो. त्या संगणकाने यातलं काहीच केलं नाही. हातातली सगळी कामं त्याने क्षणात टाकून दिली, त्यातली अत्यावश्यक तेवढीच पुन्हा उचलली आणि यान उतरवत राहिला. असा इशारा उतरताना पाच वेळा आला. पाचही वेळा हेच घडलं.

हा संगणक म्हणजे सुमारे ३२ किलोंचा डबा. बदलती माहिती ठेवायला त्याच्याकडे आजच्या हिशेबाने जेमतेम चार किलोबाइट जागा होती. व्हॉट्सअॅपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही! एवढ्याशा जागेत त्याला इंजिनाचा जोर ठरवायचा होता, यानाचा तोल सांभाळायचा होता, रडारवरून उंची मोजायची होती आणि वर अंतराळवीरांना आकडे दाखवायचे होते.

हे जमलं ते एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या हॅलकोम लॅनिंग यांच्या युक्तीमुळे. त्यांनी कामं वाटून देणारी एक प्रणाली रचली होती. तिच्यात प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आकडा असे. चालू काम थोड्या थोड्या वेळाने थांबून बघे, आपल्याहून महत्त्वाचं कुणी रांगेत आहे का? असेल तर त्याला वाट करून देई. शिवाय महत्त्वाची कामं ‘इथवर झालं’ अशी खूण करत पुढे सरकत. त्यामुळे सगळं पुसून नव्याने सुरुवात झाली, तरी ती कामं खुणेपासून पुढे चालू होत. पहिल्यापासून श्रीगणेशा करायची वेळ येत नसे.

मग एवढा बोजा आला कुठून? परतीच्या वेळी मुख्य यान शोधण्यासाठी ईगलवर आणखी एक रडार होतं. उतरण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण विद्युतजोडणीतल्या एका विसंगतीमुळे ते संगणकाकडे निरर्थक स्पंदनं धाडत राहिलं आणि त्याचा सुमारे १३ टक्के वेळ फस्त करत राहिलं. मौज अशी, की ही स्पंदनं कामांच्या यादीत नव्हतीच. यादीतच नाही, तर अग्रक्रमाचा आकडा कुठून असणार? दिवसभर टिंग टिंग करणारा आपला फोन याच जातीचा. ‘आजची कामं’ या मथळ्याखाली तो कधीच लिहिलेला नसतो आणि दिवस मात्र खाऊन टाकतो.

इकडे ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात पुढे जायचं की मोहीम सोडायची, हे ठरवायला सेकंदांचाच अवधी होता. काही दिवसांपूर्वी एका सरावात असाच इशारा आला होता आणि मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी मोहीम रद्द केली होती. तशी गरज नव्हती, हे नंतर कळलं. मग प्रमुख जीन क्रँझ यांनी फर्मावलं, की प्रत्येक इशाऱ्याला काय करायचं ते आत्ताच लिहून काढा. २४ वर्षांचे संगणकतज्ज्ञ जॅक गारमन यांनी हाताने यादी लिहून जवळ ठेवली. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा यादीवर नजर टाकली आणि पुढे जाण्याचा निरोप गेला. तहान लागण्याआधी विहीर खणून ठेवली होती!

आता २८ वर्षं पुढे जाऊ. ४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर जाऊ लागली. अग्रक्रम तर चोख लावलेले होते. मग घोडं अडलं कुठे?

यानातल्या माहितीची ने-आण सांभाळणारं काम फार महत्त्वाचं. हवामानाच्या नोंदी घेणारं काम फारच खालचं. पण दोघांना एकच सामायिक गोष्ट लागे आणि एका वेळी ती एकालाच मिळे. हवामानवाल्याने ती धरून ठेवलेली असतानाच कुठलंतरी मधल्या महत्त्वाचं, लांबलचक काम येई आणि त्याला ढकलून बसे. ढकललेला ती गोष्ट सोडू शकत नसे आणि वरचं महत्त्वाचं काम ताटकळत राही. ते वेळेत झालं नाही, की यानातली सुरक्षाव्यवस्था सगळा संगणकच नव्याने सुरू करी.

यावरचा उपाय लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की या संशोधकांनी १९९० सालीच सविस्तर मांडला होता. महत्त्वाचं काम छोट्या कामापायी अडलं, तर अडथळा दूर होईपर्यंत मोठ्याचा अग्रक्रम त्या छोट्याला द्यायचा. यानाच्या प्रणालीत ही सोय होती, फक्त चालू केलेली नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर बिघाड घडवून पाहिला, त्याचं मूळ शोधलं आणि कोट्यवधी किलोमीटरवरून ती सोय चालू केली.

आपल्याकडेही मोठी निविदा एका किरकोळ सहीपायी अडते. सही करणारा दुपारभर मध्यम महत्त्वाच्या बैठकीत असतो आणि आपण निविदेचाच मसुदा पाचव्यांदा तपासत बसतो. त्या क्षणी कचेरीतलं सर्वांत महत्त्वाचं काम ती सही असते.

तेव्हा उद्या यादी कराल तेव्हा क्रमांक घालून थांबू नका. वेळ कमी पडला तर काय सोडायचं, ते आधीच लिहा. आणि पहिल्या क्रमांकाचं काम कोणत्या क्षुल्लक कामापायी अडलंय ते शोधून, आधी ते उरका.