वर्तुळाची पारख

हाताने बांधलेल्या शर्यतीच्या चाकांसाठी रिम निवडताना

सायकल ही सर्वांच्या परिचयाची वस्तू. पण तिच्या चाकाची रचना किती विलक्षण आहे, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून निघालेले जाड लाकडी आरे गाडीचा भार खालून तोलून धरतात. सायकलचा स्पोक मात्र जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तार. तिच्यावर वरून दाब दिला, तर ती तत्काळ वाकेल. असे असूनही अशा बारीक तारांचे चाक माणसाचा भार घेऊन खड्ड्याखळग्यांतून धावते. याचे रहस्य असे, की प्रत्येक तार सतारीच्या तारेसारखी आधीच ताणून बसवलेली असते. चाक जमिनीवर टेकले, की खालच्या स्पोकचा ताण काहीसा कमी होतो आणि त्या घटीतूनच भार पेलला जातो. अमेरिकन अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या ग्रंथात हे गणित सविस्तर मांडले.

तारा ताणल्या, तर तो ताण कुणीतरी सोसलाच पाहिजे. ते काम रिमचे. 32 स्पोकच्या चाकात प्रत्येकावर सरासरी 100 किलोग्रॅम ताण धरला, तर रिमच्या कड्यात सुमारे 500 किलोग्रॅमचा दाब सतत वसत असतो, आणि तोही स्वार सीटवर बसण्यापूर्वीच. हाताने चाक बांधणारा कारागीर हब आणि स्पोक यांच्याइतकाच, किंबहुना त्यांहून अधिक विचार रिमचा करतो, तो याच कारणाने.

रस्ता आणि ट्रॅक

पहिला प्रश्न असतो तो चाक कुठे धावणार याचा. रस्त्यावरच्या सायकलीला गिअर असतात. त्यांना जागा देण्यासाठी मागच्या हबची उजवी कड आत सरकवावी लागते. परिणामी उजवे स्पोक अधिक उभे राहतात व त्यांचा ताण वाढतो. डाव्या बाजूचा ताण पुष्कळदा त्याच्या निम्म्यावर येतो. ही तफावत कमी करण्यासाठी काही रिमची छिद्रे मध्यरेषेपासून बाजूला पाडलेली असतात. मागच्या चाकासाठी अशी रिम घेणे शहाणपणाचे ठरते.

ट्रॅकवरची सायकल याहून निराळी. तिला एकच गिअर आणि ब्रेक मुळीच नाहीत. मागचे चाक दोन्ही बाजूंनी जवळजवळ समतोल असते. ब्रेक नसल्यामुळे रिमच्या बाजूला घर्षणासाठी सपाट पृष्ठभागाची गरज उरत नाही. मात्र वेगाच्या झटक्यात स्वार पूर्ण ताकदीने सायकल डावीउजवीकडे हेलावतो, आणि लंडनच्या 2012 च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या व्हेलोड्रोमसारख्या ट्रॅकवर वळणाची चढण सुमारे 42 अंशांची असते. अशा ठिकाणी रिम आडव्या जोराला न लवणारी हवी.

जपानमधील केइरिन शर्यतीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 1948 साली कोकुरा येथे सुरू झालेल्या या शर्यतींवर लोक अधिकृतपणे पैसे लावतात. साधनांमुळे कुणाला अवाजवी लाभ होऊ नये, म्हणून प्रत्येक सुटा भाग ‘एनजेएस’ या मानकानुसार प्रमाणित असावा लागतो. पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये पोलादी सांगाडा आणि 36 स्पोकची हाताने बांधलेली चाके हीच रीत टिकून आहे. जगभर कार्बनची चाके रूढ झाली, तरी तेथे साध्या ॲल्युमिनियम रिमचा मान कायम आहे. पैशाचा प्रश्न आला, की विश्वासार्हता नावीन्याच्या आधी येते, हेच यातून दिसते.

लाकूड, धातू आणि कार्बन

एके काळी शर्यतीच्या रिम लाकडाच्या असत. हलक्या, लवचीक आणि उतारावर ब्रेक लावताना न तापणाऱ्या, असे त्यांचे गुण. 1934 मध्ये फ्रान्सच्या आंतोनँ मान्य याने टूर द फ्रान्स जिंकली, ती ड्यूरॅल्युमिनच्या रिमवर. नियमांत धातूच्या रिमला मुभा नसल्याने त्या लाकडासारख्या रंगवल्या होत्या, असे सांगितले जाते. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंनी लाकडाची जागा घेतली.

आता स्पर्धा आहे ती कार्बनशी. कार्बनची रिम खोल आकारातही हलकी राहते आणि वारा कापते. परंतु ब्रेकचे रबर थेट रिमवर घासत असेल, तर घाटाच्या लांब उतारावर निर्माण होणारी उष्णता तिच्यातील राळेला मारक ठरू शकते. 2018 पासून रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी मिळाली आणि रिमची या जाचातून सुटका झाली. जुन्या पद्धतीचे ब्रेक असणाऱ्याने मात्र ॲल्युमिनियमच पसंत करावे, हे उत्तम.

वजनाचा मोह

ग्राहक दुकानात पहिली चौकशी करतो ती वजनाची. फिरत्या कडेवरचा एक ग्रॅम वेग घेताना दोन ग्रॅमसारखा वागतो, हे खरे. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. दोन्ही रिम मिळून 200 ग्रॅम वाचले, तर लाभ 400 ग्रॅमचा. सायकलसह स्वाराचे वजन 80 किलोग्रॅम असेल, तर हा लाभ अर्धा टक्काच भरतो. त्यासाठी पातळ भिंतीची रिम घेऊन पहिल्याच खड्ड्यात चाक आउट झाले, तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल.

स्पोकच्या संख्येचेही तसेच आहे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असत, कारण मागच्या चाकावर भार अधिक. शर्यतीच्या चाकांत 32 ही संख्या बहुतेकांना पुरते. वजनदार स्वाराने किंवा दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने 36 चा विचार करावा. 36 पैकी एक स्पोक तुटला, तर चाक घरी पोहोचवते. 20 पैकी एक तुटला, तर ते बहुधा फ्रेमला घासू लागते. रिमची छिद्रे आणि हबची छिद्रे यांची संख्या जुळते का, हे तर आधी पाहिले पाहिजे.

टायरची बैठक

खरी जोखीम दडलेली असते ती टायर आणि रिम यांच्या सांध्यात. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये स्पेनचा होसेबा बेलोकी दुसऱ्या स्थानावर होता. 14 जुलैला गाप शहराकडे उतरताना, उन्हाने वितळलेल्या डांबरावर त्याचे मागचे चाक घसरले, टायर रिमवरून सुटला आणि मांडी, कोपर व मनगट या तिन्ही ठिकाणी त्याची हाडे मोडली. त्याआधीची सलग तीन वर्षे पहिल्या तिघांत येणारा हा स्वार पुन्हा कधीही त्या जागी पोहोचला नाही.

रस्त्यावरच्या बहुतेक आधुनिक रिमचा टायर बसण्याचा व्यास 622 मिलिमीटर असतो. तोच आकडा टायरवरही छापलेला असावा. आतल्या रुंदीला साजेसा टायर निवडावा; अरुंद रिमवर फुगीर टायर वळणावर डोलतो. काठाला आतून आकडा नसलेल्या नव्या रिमवर हवेचा दाब 5 बारपेक्षा, म्हणजे सुमारे 72 पौंडांपेक्षा, अधिक नसावा आणि त्यांवर उत्पादकाने मान्य केलेलाच टायर चढवावा. जुन्या सवयीने 100 पौंड हवा भरणे येथे जिवावर बेतू शकते.

झिजणारे भांडवल

रिमवर ब्रेक घासणाऱ्या सायकलीत रिमची भिंत दिवसेंदिवस झिजत जाते. अनेक रिमवर त्यासाठी बारीक खाच किंवा टिंब कोरलेले असते. ते दिसेनासे झाले, की रिम बदलण्याची वेळ आली असे समजावे. भिंतीवर पट्टी आडवी धरून खोलगटपणा जाणवला, तरी तोच अर्थ. आतून टायरची हवा सतत बाहेर रेटत असते. झिजलेली भिंत एके दिवशी पूर्वसूचनेविना फाटते, आणि तो दिवस बहुधा उताराचा असतो.

हाताने बांधलेल्या चाकाचे मोठेपण येथे कळते. चांगला हब वर्षानुवर्षे टिकतो. रिम झिजली, तर तीच तेवढी बदलता येते. नवी रिम घेताना स्पोकची टोके जेथे टेकतात तेथला व्यास कारागिराने स्वतः मोजावा. तो जुन्या रिमशी जुळला, तरच जुन्या लांबीचे स्पोक चालतात. दोन-तीन मिलिमीटरची चूकही निपलची पकड बिघडवते.

तात्पर्य, रिम निवडताना स्वाराचे वजन, रस्त्याची जात, ब्रेकची पद्धत आणि टायरची रुंदी या चार गोष्टी कागदावर मांडाव्यात. किंमत आणि ग्रॅम यांचा विचार त्यांच्यानंतर करावा. या क्रमाने निवडलेली रिम दुकानातल्या तराजूवर कदाचित थोडी जड भरेल. पण घाटाच्या उतारावर स्वाराचे सारे लक्ष रस्त्याकडे राहील, चाकाकडे जाणार नाही.